जिवंत व्यक्ती आढळली नाही

रुक्मिणीनगर, अमरावती
शुक्रवार, ६ फेब्रुवारी २०२६

प्रिय केयूर,

पाकिटावर माझं नाव बघून दचकू नकोस. मला काही धाड भरलेली नाही. दोन्ही वेळा जेवते, सकाळी मालटेकडीच्या पायथ्याशी दोन फेऱ्या मारते, आणि शेजारच्या आशाबाईंशी आठवड्यातून एकदा भांडते. पत्र अशासाठी, की व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर तू एक अंगठा पाठवून मोकळा झाला असतास, आणि फोन केला असता तर 'आत्या, मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो' म्हणाला असतास. तुझा तो 'नंतर' तीन महिन्यांत उगवलेला नाही. टाइप मीच केलंय. कॉम्प्युटर एकेक अक्षर बोलून दाखवतो, तेही सर्दी झालेल्या आवाजात, त्यामुळे दोन दिवस लागले. छापून घेतलं अर्ज लिहिणाऱ्या गफ्फारभाईंच्या टपरीवर. कागद बाहेर येताना आपण डोळे मिटून घेतले होते, असं ते अल्लाची शपथ घेऊन सांगतात. बघू.

मुद्दा आधी सांगते, म्हणजे तुला पानं उलटून शोधत बसायला नको. माझं बँकेचं खातं माझ्या हातानं चालायचं की तुझ्या, एवढाच सगळा वाद आहे. बाकी जे काय कोर्टकचेरीसारखं चाललंय, ते या एका गोष्टीपायी.

कापूसपेठ नागरी सहकारी बँकेत माझं खातं तुझ्या आजोबांनी उघडून दिलं, मी टेलिफोनमध्ये ऑपरेटर म्हणून लागले त्या महिन्यात. देवी आल्या त्या माझे दोन्ही डोळे घेऊन गेल्या तेव्हा मी सात वर्षांची होते. त्यामुळे पोरीला नोकरी लागली याचं आजोबांना एवढं अप्रूप, की पासबुक त्यांनी देवापुढे ठेवलं होतं. तेव्हापासून काउंटरवरचा माणूस बदलला, पण मी गेले की पावती भरायची, अंगठा नाही, सही करायची, आणि घरी यायचं. कधी अडलं नाही. मग गेल्या वर्षी बँकेनं इथली शाखा बंद केली आणि ॲप काढलं. सप्टेंबरात निरोप आला, की सर्व खातेदारांनी ॲपवरून केवायसी नव्यानं करावी, नाहीतर खातं गोठवलं जाईल. मी म्हटलं, करू. एक्सचेंजमध्ये मी एकाच वेळी आठ लाइनी सांभाळल्या, हे ॲप काय चीज आहे!

ॲप उघडलं. फोन बोलायला लागला: बटन. बटन. इमेज. बटन. नाव नाही, गाव नाही. मी एका बटनावर दोनदा टिचकी मारली, तर कर्जाचा अर्ज उघडला. दुसऱ्यावर मारली, तर भाषा बदलून गुजराती झाली. बरं, मी चिवट बाई. मोजत मोजत गेले आणि नवव्या बटनावर कॅमेरा सुरू झाला. त्यानंतर फोन एकदम गप. मागाहून कळलं, की पडद्यावर लिहून येत होतं: चेहरा गोलात आणा, डोळ्यांची उघडझाप करा. लिहून, बरं का! मी तशीच मख्खपणे फोनपुढे बसून राहिले, आणि मिनिटभरानं त्या संपूर्ण ॲपमधलं एकमेव वाक्य मला स्वच्छ मराठीत ऐकू आलं: 'जिवंत व्यक्ती आढळली नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा.'

अकरा वेळा प्रयत्न केला रे. अकरा वेळा मेले. माझे दोन्ही डोळे नागपूरहून बसवून आणलेले, ते कसली उघडझाप करणार? शेवटी आशाबाईंना बोलावलं. त्या फोन धरून मला सांगत होत्या, हनवटी वर, अजून वर, जरा हसा. त्यांना वाटलं लग्नाचा फोटो काढतोय. मग गफ्फारभाईंनी आपला चेहरा घालून पाहिला. ॲपनं त्यांना जिवंत म्हणून पास केलं, पण ही व्यक्ती खातेदाराशी जुळत नाही म्हणालं. दाढीमुळं असेल. एक ऑक्टोबरला खातं गोठलं.

गफ्फारभाई तुला आठवत असतीलच. कोर्टासमोर टपरी टाकून चाळीस वर्षं लोकांचे अर्ज लिहितात ते अब्दुल गफ्फार अर्जनवीस. तुझ्या दहावीच्या फॉर्मवरची जन्मतारीख त्यांनीच दुरुस्त करून दिली होती. टाइपरायटर जाऊन आता कॉम्प्युटर आलाय, पण भाषा तीच. त्यांना सोबत घेऊन मी एसटीनं अकोल्याला गेले, बँकेच्या मुख्य कचेरीत. मूर्तिजापूरला आलूबोंडा खाल्ला, तो तेवढा त्या दिवसातला सुखाचा भाग. तिथले व्यवस्थापक रामरावजी माणूस मऊ, पण आंधळी म्हणजे बहिरीही असणार अशा समजुतीनं माझ्याशी असे ओरडून बोलत होते, की बाहेर रांगेतल्या लोकांना माझा खाते क्रमांक पाठ झाला असेल. आणि चहा विचारायचा तर गफ्फारभाईंना विचारला: यांले साखरेचा चालते काय? गफ्फारभाई म्हणाले, त्यांलेच इचारा, तोंड त्यांचं हाये. तर रामरावजींनी तोडगा सांगितला. तुमचा भाचा अकोल्यातच असतो ना, त्याचं नाव खात्याला जोडा. ओटीपी त्याच्या फोनवर येईल, सगळं तोच करील, तुम्हाला काही ताप नाही. मी म्हटलं, साहेब, एकसष्ट वर्षांची बाई आहे मी, दुधाची बाटली नाही, कुणीतरी धरायला. ते म्हणाले, म्याडम, तुमी उगाच दिलावर घेऊन राहिल्या.

दुपारी तुझ्याकडे जेवायला आलो. तुझ्या चारुतानं पाटवडीचा रस्सा केला होता, झणझणीत, अगदी आपल्या दर्यापूरकडचा. मी रामरावजींची नक्कल करून दाखवली तर चारुता ठसका लागेपर्यंत हसली. तू हसला नाहीस. जेवताना तू चार वेळा पाणी प्यायलास आणि दोनदा उठून गॅलरीत गेलास. मला वाटलं, तिखट झालं असेल. मग तू म्हणालास, आत्या, रामरावजी बरोबरच सांगतायत, जोडून टाक माझं नाव, कशाला म्हातारपणी वणवण करतेस. माझ्यावर विश्वास नाही का? मी म्हटलं, विश्वास आहे म्हणून माझे दात तुझ्याकडे ठेवून जेवायला बसू का? त्यावर गफ्फारभाईंनी विषय बदलला. 

मग मी अभ्यासाला बसले. तुला कधी वाटलं होतं का, तुझी आत्या या वयात कायदा पाठ करील? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. कॉम्प्युटरच्या सर्दीत सगळा ऐकला, काही कलमं तीनदा. तेराव्या कलमात लिहिलंय, की आपले पैशाअडक्याचे व्यवहार आपल्या ताब्यात ठेवायचा आम्हाला इतरांइतकाच हक्क आहे. बेचाळिसावं सांगतं, की माहिती आणि इलेक्ट्रॉनिक साधनं आम्हाला वापरता येतील अशी झाली पाहिजेत. आणि शेहेचाळिसावं म्हणतं, सेवा देणारा सरकारी असो की खाजगी, नियम आल्यापासून दोन वर्षांत त्यानं हे करायचं. नियम २०१७ सालचे. म्हणजे मुदत संपून जमाना झाला. वर गेल्या एप्रिलच्या शेवटी सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं, की केवायसीला डोळ्यांची उघडझाप एवढाच मार्ग ठेवून चालणार नाही, आणि अशा सेवा वापरता येणं हा माणसाच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. ते ऐकलं तेव्हा मी एकटीच होते घरात. रडले मी, खोटं कशाला सांगू. अकरा वेळा मेलेल्या बाईला कुणीतरी जिवंत म्हटलं होतं.

दुसऱ्याच दिवशी गफ्फारभाईंच्या टपरीवर गेले आणि दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार लिहा म्हटलं. इथं आमची पहिली जुंपली. गफ्फारभाईंचा अर्ज कसा सुरू होतो ठाऊक आहे? 'अर्जदार बाई ही अंध, गरीब व लाचार असून तिला कोणाचाही आधार नाही.' मी म्हटलं, गफ्फारभाई, गरीब मी नाही, पेन्शन आहे मला. लाचार तर माझा बापही नव्हता. काढा ते. ते म्हणाले, बाई, लाचार लिहिल्याबिगर अर्जाले वजन येत नाई. चाळीस वर्सं झाले, मी एम्ब्याशिडर गाडीवाल्या शेठचाबी अर्ज लाचार लिहूनच पास केला. मी म्हटलं, मी भीक मागत नाहीये, हक्क मागतेय. ते म्हणाले, हक्क मांगायचीबी एक तऱ्हा असते. तासभर हुज्जत झाली. शेवटी त्यांनी काढतो म्हणून सांगितलं, कीबोर्डचा टकटक आवाजही केला. मी सही केली आणि अर्ज गेला.

काढलं नव्हतं त्यांनी! नुसतीच टकटक केली होती. हे मला कळलं डिसेंबरात, बँकेचं लेखी उत्तर आलं तेव्हा. ते उत्तर ईमेलनं आलं, सोळा पानांचं, आणि प्रत्येक पान म्हणजे मोबाइलनं काढलेला तिरपा फोटो. माझा कॉम्प्युटर त्यावर एवढंच म्हणाला: इमेज. सोळा वेळा इमेज. अंध बाईच्या तक्रारीला दिलेलं उत्तर अंध बाईला वाचता येत नाही, याला म्हणतात बँकेची करामत. गेले आपली पुन्हा टपरीवर. गफ्फारभाई वाचायला लागले आणि तिसऱ्या पानावर एकच ओळ दोनदा वाचून गेले. बँकेनं लिहिलं होतं: 'अर्जदार यांनी स्वतःच आपण लाचार असल्याचे अर्जात मान्य केले आहे. सबब, त्यांच्या हिताकरिता डोळस नातेवाईकाचे नाव खात्यास जोडण्याचा बँकेचा सल्ला योग्यच आहे.' मी विचारलं, गफ्फारभाई, हे लाचार कुठून आलं? ते म्हणाले, बाई, हात चालला जी. काय करू, बोटायले सवय हाये. मी त्यांना जे बोलले ते पत्रात लिहिण्याजोगं नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढचं पान काढलं.

पुढच्या पानावर बँकेनं ॲप बनवणाऱ्या कंपनीचं पत्र जोडलं होतं. अपराधी वाटत होतं म्हणून असेल, गफ्फारभाई ते मोठ्या त्वेषानं वाचायला लागले. 'सदर ॲप तयार करतेवेळी अंध ग्राहकांचा विचार करण्यात आला होता. तथापि असे ग्राहक संख्येने नगण्य असून ते सर्वसाधारणपणे आपले व्यवहार घरातील सदस्यांकडून करून घेतात, असा आमचा प्रत्यक्ष अनुभव आहे. सबब ही सुविधा वगळण्यात आली.' इथं गफ्फारभाई थांबले आणि त्या लिहिणाऱ्याच्या अकलेचा त्यांनी पार उद्धार केला. कोन बावळट हाये बे हा! कोन्या अंध्याच्या घरी जाऊन बसला होता, प्रत्यक्ष अनुभव घ्याले? याच्या मास्तरानं याले पैलीत पास कसा केला? असं म्हणत त्यांनी पान उलटलं, खाली सहीपर्यंत आले, आणि कागदाची घडी घालायला लागले.

मी म्हटलं, वाचा की सही. ते म्हणाले, बाई, झेरॉक्स पुसट हाये, सही दिसून नाई राह्यली. केयूर, त्या माणसानं चाळीस वर्षं तहसीलदारांच्या, डॉक्टरांच्या, पिऊन आलेल्या तलाठ्यांच्या सह्या वाचल्यात. त्यांना सही दिसली नाही असं मी कधी ऐकलं नाही. आणि मला तुझ्या घरचं ते चार ग्लास पाणी आठवलं, आणि अकोल्यात तुझी कंपनी ॲपंच बनवते, हेही. मी विचारलं, केयूरची ना? गफ्फारभाई म्हणाले, थांबा, चाय मांगवतो.

चहा आला, तो मी प्याले. साखर जास्त होती. मग मी घरी आले आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाही. आशाबाई काळजीनं भांडायला आल्या, तर त्यांच्याशीही भांडले नाही.

प्रत्यक्ष अनुभव! अरे, तुझा प्रत्यक्ष अनुभव म्हणजे मी. दुसरा अंध माणूस तुझ्या ओळखीत तरी आहे का? पाचवीत तुझे आईबाबा तुला दर्यापूरहून माझ्याकडे ठेवून गेले. बारावीपर्यंत आठ वर्षं तू या घरात राहिलास. त्या आठ वर्षांत कोण कुणाकडून करून घेत होतं, सांग ना! तुझे डबे मी केले. तुझ्या शर्टाची बटनं मी लावली, दोऱ्याचा रंग आशाबाईंना विचारून. बोर्डानं तुझ्या हॉल तिकिटावर मुलीचा फोटो छापला, तेव्हा आठ ठिकाणी फोन जोडून मी तो बदलून आणला, नाहीतर तू दहावी कुणा भलत्याच पोरीच्या चेहऱ्यानं दिली असतीस. आणि तू माझं काय करून दिलंस? पेपर वाचून दाखवायचास, तेही क्रिकेटचं पान आधी. एकदा सिलिंडर लावून दिलास, तो गळत होता. हा तुझा प्रत्यक्ष अनुभव, आणि याच्या जोरावर तू विदर्भातल्या सगळ्या अंधांना वगळलंस. परतवाड्याची आमची शकुनही अंध, शिवणकाम करते, तिचंही खातं याच बँकेत. ती आता शेजारणीच्या पोराला फोन देते, आणि तिनं काय विकत घेतलं ते तिच्याआधी गल्लीला कळतं. तिच्याकडे जाऊन बसला होतास का तू कधी?

मला राग कशाचा आला ते नीट सांगते, म्हणजे तुझा गैरसमज व्हायला नको. ॲप बिघडलं याचा नाही. पोरं चुकतात. राग याचा, की तुला ठाऊक होतं. फोन मला वाचून कसा दाखवतो, हे तू लहानपणापासून ऐकत आलास. दोन तासांचं काम होतं. पण तू मनात धरलंस, की आत्याचं काय, मी आहे ना. आणि तू आहेसच रे. उद्या मी पडले तर तू रात्री-अपरात्री धावत येशील, चारुतासकट येशील, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. पण तू आहेस म्हणून मी नसले तरी चालेल, असा त्याचा अर्थ होत नाही. हे मला तुझ्या तोंडावर सांगता आलं नसतं, मी रडले असते आणि तू हो हो म्हणून सुटला असतास.

एकोणीस जानेवारीला सुनावणी झाली, व्हिडिओवर. मी घरूनच बसले, जरीची साडी नेसून. दिसत नसलं तरी दाखवायचं असतं. सुनावणी घेणाऱ्या मॅडम आल्या, मी आले, आणि अकोल्याहून बँकेचे वकील आले. मॅडम म्हणाल्या, बोला. वकिलांचा आवाज नाही. नुसता खुर्चीचाही नाही. मॅडम म्हणाल्या, तुमचा माइक बंद आहे. तरी आवाज नाही. पाच मिनिटं गेली. कुणीतरी म्हणालं, ते नुसते हात हलवतायत. मग माझ्यातली जुनी ऑपरेटर जागी झाली. मी म्हटलं, वकीलसाहेब, मी अर्जदार बोलतेय, मला तुम्ही ऐकू शकता ना, मग घाबरू नका. स्पेसच्या डावीकडे ऑल्ट आहे, तो दाबून ठेवा आणि ए दाबा. नाही झालं? मग तुमच्या इअरफोनच्या तारेवर एक छोटं बटन असेल, ते चुकून दाबलं गेलंय, ते पुन्हा दाबा. आणि एकदम वकिलांचा आवाज घरभर घुमला: अरे श्याम, हे ××××चं कसं चालू होते बे! त्या चार फुल्यांच्या जागी काय होतं ते तू ओळख. मॅडम खोकल्या. वकीलसाहेबांनी क्षमा मागितली, घसा साफ केला, आणि पहिलंच वाक्य वाचलं: अर्जदार ही स्वतःच्याच म्हणण्यानुसार लाचार आहे.

मॅडम किती तरी वेळ हसत होत्या. मग त्यांनी मला विचारलं, अनुपमाताई, तुम्ही लाचार आहात का? मी म्हटलं, मॅडम, अर्जात तो शब्द अर्जनवीसाच्या सवयीनं आलाय, तेवढा वगळून वाचा. माझ्यामागं उभे असलेले गफ्फारभाई ताडकन म्हणाले, जी हो, माह्याच हातून झालं, बाईचा गुन्हा नाई. त्यानंतर मॅडमनी वकिलांना शेहेचाळिसाव्या कलमाबद्दल विचारलं. ते म्हणाले, बँकेला तांत्रिक बाब कळत नाही, कंपनीनं जरूर नाही असं लेखी दिलं, बँकेनं विश्वास ठेवला. मॅडम म्हणाल्या, मग कंपनीलाच इथं उभं करायला हवं. अर्जदारांची तशी इच्छा असेल तर त्यांनी तीन आठवड्यांत अर्ज द्यावा. तोवर बँकेनं घरी माणूस पाठवून कागदावर केवायसी करून घ्यावी.

बँकेचा माणूस चारच दिवसांत आला. दोन सह्या, एक फोटो, दहा मिनिटांत मी जिवंत झाले. खातं उघडलं. पण शाखा तर राहिलीच नाही, चालवायचं ॲपवरूनच, आणि ॲप अजून बटन बटनच करतंय. त्याच दिवशी संध्याकाळी तीन महिन्यांत पहिल्यांदा तुझा निरोप आला: 'आत्या, काम झालं ना? आता तक्रार मागे घे. उगाच कुणाला तरी त्रास.' त्याखाली फुलांचा गुच्छ. कुणाला तरी! एवढं सगळं होऊनही, केयूर, तुला आपलं नाव घेता आलं नाही.

मी बारा दिवस विचार केला. चारुताला फोन करून विचारावंसं वाटलं, पण नवराबायकोत काडी टाकणं बरं नव्हे. तुझ्या बाबांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, घरचं पोर आहे, सोडून दे. सोडून द्यायला मी एका पायावर तयार होते, खरं सांगते. मग पुन्हा एकदा ते ॲप उघडलं. म्हटलं, निरोप पाठवताना तरी लाजेकाजेस्तव एखाद्या बटनाला नाव दिलं असशील. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सगळी तपासली. एकाही नाही.

म्हणून परवा, चार तारखेला, मी अर्ज दिला. तुझी कंपनी या प्रकरणात आता प्रतिवादी क्रमांक दोन आहे, आणि कंपनीतर्फे जबाबदार माणूस म्हणून तुझं नाव आहे. अर्ज गफ्फारभाईंनी लिहिला नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी कीबोर्डवरून हात काढून घेतला आणि म्हणाले, बाई, पोराच्या नावाचा कागद माह्याच्यानं होत नाई. तेव्हा मीच बसून टाइप केला. लाचार वगैरे काही लिहिलं नाही. तुझं नाव मात्र चार वेळा चुकलं, कॉम्प्युटर वाचून दाखवत होता आणि मी खोडत होते. नोटीस पुढच्या बुधवारपर्यंत तुझ्या ऑफिसात येईल. ती परक्यासारखी तुझ्या हातात पडू नये, आत्यानं आधी सांगितलं नाही असं तुला वाटू नये, म्हणून हे पत्र. तेवीस तारखेला सोमवारी सुनावणी आहे, व्हिडिओवरच, इथूनच बसू. वकील पाठवू नकोस, तू ये. शनिवारीच ये, चारुताला आण, दोन दिवस राहा, आणि तो लॅपटॉप घेऊन ये. तू नावं द्यायची, मी ऐकून पास-नापास सांगायचं. मॅडमना मी कळवलंय, की प्रतिवादी हा माझा भाचा आहे. त्यांच्या कचेरीतून फोन आला, मग आपसात मिटवता का? मी म्हटलं, नाही, निकालच द्या. मी वाढवलेला मुलगा आहे, निकाल पाळेल. तेव्हा पोस्टमन आला की सही करून नोटीस घे, बाळा, परत पाठवू नकोस.

तुझीच,
आत्या
(अर्जदार)